शकीब मेलेला नाही

माझ्या भट्टीवर जेवढ्या स्वर्ग-नरकाच्या गप्पा झाल्या, तेवढ्या रोट्याही भाजल्या गेल्या नसतील. आमच्या कफर नाहिल गावात भट्टी एकच आणि देव घराघराचा वेगळा. सकाळी कणकेची परात डोक्यावर घेऊन सगळ्या बायका माझ्याकडेच यायच्या. मी ख्रिस्ती, वरच्या आळीतल्या जुन्या देवळातली. बद्रिया मुसलमान, मक्केला जाऊन आलेली आणि ते कुणाला विसरू न देणारी. तिला नुसतं बद्रिया म्हटलं की रागवायची, हाज्जी बद्रिया म्हणायचं. निम्मं गाव द्रुझ, त्यांचा पंथच वेगळा. डॉक्टरांकडे कामाला सिलोनहून आलेली मल्लिका बुद्धाची. आपली पाळी येईपर्यंत हात रिकामे, मग जिभांना काय धरबंध! कुणाची सून कशी, इथून सुरू झालेलं बोलणं मेल्यावर माणूस जातो कुठं, इथवर पोचायचं. युद्धाचे दिवस होते ते. रोज कुणाचं ना कुणाचं गेलेलं असायचं.

नजला माझ्याबरोबर भट्टीवर उभी राहायची. मी कणीक थापायची, ती लाकडी फळीवरून रोटी आत सारायची. आमच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मी मित्रीची आई, ती शकीबची आई. माझी तरी पाच आहेत, तिचा तो एकच. नवस-सायास करून, देवाला अगदी भंडावून मिळवलेला. ती द्रुझ, मी ख्रिस्ती, पण सख्ख्या बहिणींनी भांडावं तशा आम्ही रोज भांडायचो आणि रोज एकाच ताटात जेवायचो.

त्या सकाळी शकीब आपला लाल मालट्रक घेऊन बैरूतला निघाला होता. गाडीत द्राक्षांच्या काकवीचे डबे. जाता जाता भट्टीवर आला आणि न विचारता गरम रोटी उचलली. नजलानं त्याच्या हातावर फळी मारली.

"हात धुतलेस का मेल्या?"

"बैरूतला धुतो. आणि येताना तुला चपला आणतो, निळ्या. या फाटक्या घालून फिरतेस, लोक म्हणतात मुलगा बघत नाही."

"लोकांना काय होतंय म्हणायला! तू आधी माणसासारखा वेळेवर घरी ये."

"येतो गं बाई," म्हणाला आणि तोंडात रोटी धरून गाडीत चढला. मी तिथंच होते. हे सगळं या कानांनी ऐकलं आहे.

तो आला नाही. गाडीही आली नाही. रस्त्यात नाके, प्रत्येक टोळीचा वेगळा. कुठल्या नाक्यावर उतरवला, कुणी उतरवला, कुणाला माहीत? नजलाचा नवरा मिल्हिम महिनाभर वणवण फिरला. जिथं गेला तिथं त्याला बसवलं, कॉफी पाजली आणि आमच्याकडे असा कुणी नाही म्हणून सांगितलं.

मग भट्टीवर सुरू झालं. बायकांनी तिला सांत्वन द्यायचं म्हटलं, पण देणार काय? ज्याच्या-त्याच्या घरात जे होतं ते.

हाज्जी बद्रिया म्हणाली, "अगं, मेला असला तर शहीदच की तो. कबरीत दोन फरिश्ते येतात, तुझा रब कोण, तुझा नबी कोण विचारतात. चांगल्याची कबर मोठी होते, हवा खेळते. कयामतीपर्यंत तिथं आराम."

"कबर कुठंय?" नजला म्हणाली.

बद्रियानं आपली परात पुढे सरकवली.

मी म्हटलं, "आमच्यात माणूस निजतो. शेवटच्या दिवशी येशू उठवणार सगळ्यांना, देहासकट. तोवर आपण त्याच्यासाठी प्रार्थना करायची. तिसऱ्या दिवशी, नवव्या, चाळिसाव्या."

"चाळिसावा कधीपासून मोजू?"

 मी कणकेला बुक्के मारत बसले.

मल्लिकाला आमची भाषा अर्धीच यायची. ती म्हणाली, त्यांच्या गावी भिक्खूंना जेवायला घालतात आणि ते पुण्य मेलेल्याला पोचवतात, म्हणजे पुढचा जन्म बरा मिळतो. पण तो कुठं जन्मला ते कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नसतं. धरून ठेवलं की दुःख, असं तिनं स्वतःची मूठ आवळून, मग उघडून दाखवलं. नजलानं त्या उघड्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिला पोर नाही अजून." मल्लिकाला सिलोनमध्ये दोन होती, आजीजवळ ठेवलेली. 

राहता राहिल्या द्रुझ बायका. त्या बोलत नव्हत्या, कारण त्यांना जे बोलायचं होतं ते सगळ्यात भयंकर होतं. त्यांच्यात देह म्हणजे सदरा. एक फाटला की जीव त्याच क्षणी दुसरा घालतो. मधे थांबणं नाही, कबर नाही, कयामतीची वाट बघणं नाही. इथं डोळे मिटले की तिथं कुठल्यातरी द्रुझ घरात बाळ रडलं. आणि असा अवेळी, मारून टाकलेला जीव असला तर पोर बोलायला लागल्यावर मागचं सांगतं. माझं घर अमक्या गावी, माझी आई तमकी. मग दोन्ही घरची माणसं भेटतात, पोराला पारखतात, ओळख पटली की पोराला दोन आया होतात. हे मी लहानपणापासून बघत आले. आमच्या पाद्रीबाबांना पटायचं नाही, पण द्रुझांच्या जेवणावळीला ते जायचे.

नजलाच्या जावेनं एकदा धीर करून म्हटलंच, "कुठंतरी पाळणा हलत असेल गं."

नजलानं फळी खाली टाकली. "माझ्या शकीबला मारू नकोस. शकीब मेलेला नाही."

तेव्हापासून गावात कुणी तो विषय काढला नाही. वर्षं जात राहिली. तिच्या घरी त्याचं अंथरूण रोज घातलं जायचं आणि रोज काढलं जायचं. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? वाटायचं, हिनं एकदाचं रडून घ्यावं. आमच्यात बाई ऊर बडवते, केस तोडते आणि मग उठून स्वयंपाकाला लागते. ही रडतही नव्हती आणि उठतही नव्हती. माझ्या देवाकडे तिच्या पोराला जागा होती, बद्रियाच्या देवाकडे होती, तिच्या स्वतःच्या धर्मात तर आयता पाळणा होता. पण सगळीकडे आधी मरावं लागतं, आणि तो मेला असं म्हणायला ही तयार नव्हती.

मग एक दिवस ऐन सरीनहून समिहा आली. ऐन सरीन म्हणजे डोंगरापलीकडचं गाव, सगळे द्रुझ. तिच्याबरोबर तिचा मुलगा वसीम, पाचेक वर्षांचा, काळ्याभोर डोळ्यांचा. समिहा बिचारी घाबरलेली. म्हणाली, हा बोलायला लागल्यापासून एकच धोशा, मला कफर नाहिलला ने. माझी गाडी लाल आहे म्हणतो. आई भट्टीवर रोट्या भाजते म्हणतो. मारतोय, जेवत नाही. शेवटी गावच्या धर्मगुरू शेखांनी सांगितलं, नेऊन आण बाई, नाहीतर पोर खंगेल.

गाव गोळा झालं. नजलाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. रीतीप्रमाणे पारख करायची ठरली. मिल्हिमला चार-पाच म्हाताऱ्यांमध्ये बसवलं, सगळ्यांच्या डोक्यांवर सारख्याच पांढऱ्या टोप्या. पोरानं एकदा पाहिलं आणि सरळ मिल्हिमच्या मांडीवर जाऊन बसलं. त्याच्या मिशीला हात लावून म्हणालं, "पांढरी झाली." मिल्हिम लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

नजला ओट्यावर उभी. हाताची घडी. "मिशी सगळ्यांचीच पांढरी होते," ती म्हणाली.

पोर उठलं, तिच्याकडे गेलं. "यम्मा," म्हणालं. आमच्याकडे पोरं आईला असंच म्हणतात. तिनं त्याला हात लावला नाही.

"मी तुझी आई नाही. तुझी आई ती उभी आहे. बरं, तू शकीब ना? मग सांग, शकीब घरातून निघाला त्या दिवशी मला काय म्हणाला?"

 पोरानं तिच्या पायांकडे पाहिलं. अजून तीच फाटकी चप्पल होती तिच्या पायात.

"चपला आणतो म्हणालो," ते म्हणालं. "निळ्या. राहूनच गेल्या."

देवाशपथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. माझ्या धर्मात एकच जन्म आणि एकच मरण, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि हेही खरं, की चपलांची गोष्ट मी स्वतःच भट्टीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दहादा सांगितली होती, डोंगरापलीकडे ती गेली नसेलच कशावरून? पण ते पोर ज्या तोंडानं बोललं ते तोंड पाहायला हवं होतं. लाजलेलं. उशीर करून घरी आलेल्या माणसाचं.

"चूक," नजला म्हणाली. "शकीब असं काही बोललाच नव्हता. कुणीतरी पढवलंय याला. घेऊन जा."

"नजला!" मिल्हिम ओरडला. "पुरे कर. पोराकडे बघ तरी."

"तू ओळख हवं तर. पण तू याला शकीब म्हणालास की मी या घरातून निघाले."

पोरानं तिचा झगा धरला. "यम्मा, मीच आहे. अगं मीच आहे ना!" समिहा त्याला ओढायला लागली, ते सोडेना. नजलानं स्वतःच्या हातानं त्याची बोटं एकेक करून सुटी केली. अंगणातल्या बायका तोंडावर ओढणी धरून रडत होत्या, अगदी हाज्जी बद्रियासुद्धा, जिच्या लेखी हे सगळं कुफ्र, धर्माविरुद्ध होतं.

फाटकाशी समिहा वळली. तिचंही डोकं फिरलं होतं. "शकीबची आई, मी भीक मागायला आले नव्हते. माझं पोर तुमच्याबरोबर वाटून घ्यायला आले होते. कुठली आई असं करते? तुमचा ज्या दिवशी गेला त्याच दिवशी संध्याकाळी हा जन्मला, हवं तर सुईणीला विचारा. आणि एक ऐकून ठेवा, सहा-सात वर्षांची झाली की ही पोरं सगळं विसरतात. मी वाट बघीन. त्यानंतर आलात तर रिकाम्या हातानं परत जाल."

"तो गेला त्या दिवशी," नजला म्हणाली. "मेला नाही. फक्त गेला."

सगळे पांगल्यावर मी तिला मोरीपाशी गाठली. माझा राग मावत नव्हता. "खोटं बोललीस. चपलांचं मी ऐकलंय. तुझ्या शेजारी उभी होते मी!"

ती हात धूत होती. धूतच होती. "हो म्हटलं असतं तर तो मेला असता, अफीफा," ती म्हणाली. माझं नाव घेऊन ती क्वचित बोलायची. "आत्ता, या अंगणात, माझ्या तोंडानं मेला असता. कुठल्यातरी तुरुंगात तो बसलेला असेल, भिंतीवर रेघा मारत असेल, आई वाट बघतेय म्हणून जगत असेल. आणि इथं आई दुसऱ्याच्या पोराला मांडीवर घेऊन बसलीय? तू केलं असतंस असं?"

माझ्या मित्रीचं असतं तर? मी तिचे हात पुसले आणि घरी गेले.

समिहानं वाट पाहिली असावी. पुढच्या वर्षी तिचा निरोप आला होता, पोर अजून विचारतंय म्हणून. नजलानं उत्तर पाठवलं नाही. मिल्हिमला काही ते सोसलं नाही. तो रोज संध्याकाळी ऐन सरीनच्या रस्त्यापर्यंत चालत जायचा आणि तिथून परत फिरायचा. बायको घर सोडून जाईन म्हणाली होती ना! एका हिवाळ्यात त्याची छाती दुखायला लागली आणि दुसऱ्या दिवशी गेलाच. त्याच्या मयताला शेख नजलाला म्हणाले, "रडू नको बाई. जीव केव्हाच नव्या घरी पोचला." ती रडली नाही. शकीब आला की त्याला काय सांगू, एवढंच म्हणाली.

युद्ध संपलं. मोठे लोक एका टेबलाशी बसले आणि झालं गेलं विसरायचं असं त्यांनी ठरवलं. नाके उठले, तुरुंग हळूहळू रिकामे व्हायला लागले. प्रत्येक सुटून आलेल्या माणसाकडे नजला फोटो घेऊन जायची. शेवटी राशया शहराच्या बाजूचा एक माणूस स्वतःच चालत भट्टीवर आला. दात सगळे गेलेले, वय कळेना. बसायला सांगितलं तरी बसेना.

"शकीबची आई कोण?"

नजला पुढे झाली.

"मी त्याच्या मागच्या गाडीत होतो," तो म्हणाला. "आम्हा दोघांना एकाच नाक्यावर उतरवलं. मला आत नेलं. त्याला... त्याला नेलंच नाही कुठं. ओळखपत्रावरचा धर्म बघितला आणि तिथंच, रस्त्याच्या कडेला. त्याच दिवशी, दिवस मावळताना. मी डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं आत होतो, नाहीतर आधीच आलो असतो. माफ करा, आई."

मला वाटलं आता ही कोसळणार. मी धरायला पुढे झाले. ती कोसळली नाही. तिनं त्या माणसाला गरम रोटी दिली, झातरचा मसाला आणि तेल लावून, त्यानं ती खाईपर्यंत उभी राहिली. मग हातावरचं पीठ झटकून म्हणाली, "मित्रीची आई, अंगावर चादर घे. ऐन सरीनला जायचंय."

"आत्ता? कशाला?"

"कशाला काय? माझ्या मुलाला भेटायला." तिचा चेहरा असा फुलला होता की मला भीती वाटली. "संध्याकाळीच गेला तो. संध्याकाळीच जन्मला. ऐकलंस ना तू? तोच होता, अफीफा. तो माझ्या अंगणात येऊन गेला, मिशी पांढरी झाली म्हणाला, आणि मी..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "चल लवकर. व्हॅन चुकेल."

व्हॅनमध्ये ती सारखी बोलत होती. इतक्या वर्षांत एवढी बोलली नव्हती. त्याला द्राक्षाची पानं भरलेली आवडतात, करून न्यायला हवी होती. त्याला शिकायला राशयाला ठेवू, भाडं मी देईन. समिहाच्या पाया पडेन, ती काय वाटेल ते बोलू दे. मी 'हो हो' करत होते. समिहा फाटकाशी जे बोलून गेली होती ते मला आठवत होतं, पण तिच्या तोंडावर कोण सांगणार?

दार वसीमनंच उघडलं. उंच झालेला, मिसरूड फुटू लागलेलं, पायात फुटबॉलचे बूट. मोठ्या अदबीनं आम्हाला बसवलं. समिहा आतून आली, नजलाला पाहून दारातच थांबली. शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं दिल्या नाहीत. तिला नुसतीच दया आली, आणि ते मला जास्त लागलं.

पोर कॉफीचं भांडं घेऊन आलं. "मावशी, साखर किती घालू?"

नजला हसली. "तूच सांग की किती."

पोर गोंधळलं. आईकडे बघायला लागलं. "एक घालतो," म्हणालं शेवटी. नजला कॉफीत दोन घ्यायची, शकीब तिला त्यावरून चिडवायचा. तिनं घोट घेतला.

आणि मग ती सांगायला लागली. पारख उलटी सुरू झाली होती. तुझी गाडी लाल होती. दरवाजा तारेनं बांधलेला. आपल्या कुत्र्याचं नाव झीब, तुझ्याच पायाशी निजायचा. लहानपणी तू तुतीवरून पडलास, हनुवटीला खोक पडली, इथं. त्या सकाळी रोटी चोरलीस, मी हातावर फळी मारली. निळ्या चपला आणतो म्हणालास. एकेक खूण ती त्याच्यापुढे ठेवत होती आणि दर खुणेला थांबून त्याच्या तोंडाकडे बघत होती. पोर गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होतं. चांगल्या घरचं पोर, मोठ्या माणसाला मधे तोडत नव्हतं.

"आठवतं का रे काही?" तिनं शेवटी विचारलं. "एवढंसं तरी?"

"आई म्हणते मी लहानपणी काहीतरी बोलायचो," वसीम म्हणाला. "मला नाही आठवत, मावशी. खरंच नाही." त्याला तिचं वाईट वाटलं होतं. मग आमच्याकडे मेलेल्या माणसाबद्दल जे म्हणायची पद्धत आहे, तेच तो म्हणाला. "तुमचा मुलगा फार चांगला होता असं दिसतं. देव त्याच्यावर दया करो."

यावर काय म्हणायचं तेही ठरलेलं असतं. इतकी वर्षं तिनं कुणाला ते 'दया करो' म्हणू दिलं नव्हतं. माझ्याकडून ऐकलं नाही, शेखांकडून नाही, नवऱ्याकडून नाही. तिनं कपाखाली बशी सरळ केली.

"तू सुखी राहा, बाळा," ती म्हणाली.

आम्ही बाहेर पडलो. समिहा फाटकापर्यंत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. आतून पोरानं चेंडू मागितल्याचा आवाज आला. व्हॅनच्या थांब्यापाशी नजला माझा हात धरून उभी होती.

"आमच्यात रडायचं नसतं," ती म्हणाली. "जीव दुसरीकडे सुखात असतो ना. मी पाहिला. सुखात आहे. बूट चांगले आहेत त्याचे." मग म्हणाली, "अफीफा, तुमच्यात रडताना कुठं बसतात गं?"

"कुठंही बसतात," मी म्हटलं.

ती तिथंच धुळीत बसली. व्हॅन आली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला आणि निघून गेला. त्यानंतर दुसरी नव्हती. मी तिच्या शेजारी बसले.